पांढऱ्या वाटेवरचा वाघ

पुराचं पाणी उतरून आठवड्याभरानं बस सुरू झाली आणि मी चंद्रपूरहून पहिल्या बसनं माहेरी निघाले. माझं माहेर आरमोरीपासून आत, वैनगंगेच्या काठाला. शेवटचा रस्ता चिखलानं बंद होता, म्हणून चपला हातात घेऊन चालत गेले. गाव दिसायच्या आधी वास आला. धान सडल्याचा वास मी लहानपणीही घेतला होता, पण एखाद्या खोलगट बांधीतला, म्हणजे धानाच्या एकाच खाचरातला. या वेळी तो सगळीकडून येत होता.

भाऊ धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसला होता. मी जवळ गेले तरी उठला नाही.

"जेवला का भाऊ?"

"ह्या बांध्या पाय," समोर बोट दाखवत तो म्हणाला.

रोवणी होऊन पंधरा दिवस झाले होते. पाच दिवस पाण्याखाली राहिलेलं कोवळं धान पुन्हा उभं राहत नाही. मी वाकून एक बुंधा उचलला तर हातात नुसता चोथा आला. भावानं तो माझ्या हातातून घेतला आणि परत चिखलात ठेवला, जसा होता तसा.

घराची मागची भिंत पडली होती. भाऊ-वहिनी आणि आमच्या टोलीवरची, म्हणजे वस्तीवरची, बाकीची दहा घरं जिल्हा परिषदेच्या शाळेत राहत होती. शाळेच्या वऱ्हांड्यात वहिनी कपड्यांच्या ढिगासमोर बसली होती.

"पाय ना बाई, शहरातून गाडी आली," ती म्हणाली. "साड्या हायत, जीन्सच्या पँटा हायत, एक कोट बी हाय. कोट काय करू मी? कोनाले सांगता आलं त सांग, आता कपडे नोका पाठवू म्हना. पऱ्हे पाठवा."

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. गावात कोणाकडेच उरली नव्हती. पण नागभीडकडच्या एका शेतकऱ्यानं पहिली पेरणी फसेल म्हणून दुसऱ्यांदा टाकली होती, आणि त्याच्याकडे जास्तीचे पऱ्हे उभे होते. तो रोख मागत होता. त्याची चूक नव्हती, नदीकाठची सगळीच गावं त्याच्याकडे चकरा मारत होती. पंचनामा झाला होता, सरकारी मदत येणार होती, पण कधी ते कोणी सांगत नव्हतं. आमच्या घरातलं होतं नव्हतं ते पहिल्या आठवड्यातच पत्रे, तांदूळ आणि औषधांत गेलं होतं.

"किती दिवस थांबता येईल?" मी भावाला विचारलं.

"पऱ्हे बी म्हातारे होते बाई. गाठ धरली का मंग फुटवा येत नाई. आठ दिवस. लय झाले त नऊ."

"मी पाहते," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी चित्रकलेची शिक्षिका, विनाअनुदानित शाळेतली. मी काय पाहणार होते, ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. पण वऱ्हांड्यातल्या बायका ऐकत होत्या. त्यातली एक म्हातारी उठली आणि कोणाच्यातरी स्टीलच्या गिलासात माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी मी नागपूरला सरांना फोन केला. कला महाविद्यालयात त्यांनी मला छापचित्रं शिकवली होती. लाकडाच्या फळीवर चित्र कोरायचं, वर शाई फिरवायची, कागद ठेवून मागून घासायचं. कोरून काढलेला भाग पांढरा राहतो, उरलेला काळा उमटतो. सर आयुष्यभर हेच करत आले. गेली तीन वर्षं त्यांचे हात कापत होते, त्यामुळे कोरणं बंद होतं. मी त्यांच्याकडे चित्रं मागायला फोन केला नव्हता. ओळखीचा कोणी पैसेवाला आहे का, एवढंच विचारायचं होतं.

"ये इकडे," ते म्हणाले.

दोन खोल्यांचं घर. मी पोचले तेव्हा त्यांनी पलंगाखालून गठ्ठा ओढून ठेवला होता. जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेली साठएक चित्रं.

"घेऊन जा आणि विक."

"सगळी, सर?"

"ठेवून काय करू? फळ्या वाळवीनं खाल्ल्या. आता कागदाकडे वळेल ती."

फळ्या गेल्या याचा अर्थ ही चित्रं पुन्हा निघणार नव्हती. होती तेवढीच. सरांनी कापऱ्या हातांनी कागद उलटून एक चित्र वर काढलं. ते मी विद्यार्थिनी असताना पाहिलं होतं. दोन्ही बाजूंना सागाची झाडं, इतकी दाट की काळ्याशिवाय काही नाही, आणि मधून जाणारी पांढरी वाट. वाटेवर काहीच नाही. त्याच्या बारा प्रती होत्या. प्रत्येकीखाली पेन्सिलीनं सरांची सही.

"ह्या पांढऱ्यासाठी एक अख्खा उन्हाळा गेला माझा," ते म्हणाले. "लोकांना वाटतं इथं मी काही केलंच नाही. सगळं काम इथंच आहे."

काकू, सरांच्या पत्नी, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी आतून आपली एक जुनी सुती साडी आणली आणि गठ्ठा तिच्यात बांधून दिला. गाठ त्यांनी दोनदा आवळली.

गुरुवारी मी चंद्रपुरात एका सभागृहाबाहेर टेबल मांडलं. पांढऱ्या पुठ्ठ्यावर लिहिलं: पूरग्रस्त गावांच्या धानाच्या रोपांसाठी. चित्रं दोरीला चिमटे लावून टांगली. सभागृहात कसलंतरी संमेलन होतं. लोक मोठ्या संख्येनं येत होते, थांबतही होते.

"देवाचं नाही का एखादं?" एका बाईंनी विचारलं.

"सगळी काळीच? रंगीत ठेवायला पाहिजे होती."

एक गृहस्थ बराच वेळ पाहत होते. मला आशा वाटली. त्यांनी मान हलवली, खिशातून नोट काढून टेबलावर ठेवली आणि निघाले. मी चित्र घेऊन त्यांच्या मागे धावले. "राहू द्या हो मॅडम," ते म्हणाले, "मदत म्हणून दिले. भिंतीवर जागा नाही." मी ते चित्र त्यांच्या हातात कोंबायला गेले. त्यांनी हात मागे घेतला. सरांनी महिनोन्‌महिने कोरलेली गोष्ट मी रस्त्यात एका माणसाला फुकट घ्यायला लावत होते आणि तो नको म्हणत होता. परत टेबलापाशी येऊन मी ते चित्र पुन्हा चिमट्याला लावलं.

संध्याकाळपर्यंत तीन चित्रं गेली. शाळेत सहकाऱ्यांनी मिळून दोन घेतली. मोबाईलवरच्या सगळ्या गटांत मी फोटो टाकले. लोकांनी हात जोडल्याच्या खुणा पाठवल्या. एका ओळखीच्या डॉक्टरांकडे गेले, ते चांगले बोलले, चहा पाजला, आणि म्हणाले की दवाखान्यात पेशंटला प्रसन्न वाटेल असं काही हवं असतं.

भाऊ रोज सकाळी फोन करायचा. "काय झालं?" एवढंच.

"होतं आहे," मी सांगायची.

चौथ्या दिवशी तो म्हणाला, "नागभीडवाला म्हनते, बुधवारपर्यंत ठेवतो. मंग दुसऱ्याले देऊन टाकतो."

जमलेल्या पैशांत एका घराच्या बांध्याही भरल्या नसत्या. टोलीवर अकरा घरं होती.

फ्रेमवाले चाचा माझ्या ओळखीचे. शाळेच्या प्रदर्शनाच्या चित्रांना काचा तेच लावून देतात. त्यांचं दुकान बाजारातल्या अरुंद गल्लीत आहे. मी त्यांच्याकडे काही चित्रं ठेवायला दिली होती, कोणी गिऱ्हाईक आलं तर दाखवतील म्हणून. त्यांनीच मला एका माणसाचा नंबर दिला. जंगलाच्या गेटाजवळ नवीन रिसॉर्ट होत होतं आणि तिथल्या मॅनेजरला खोल्यांसाठी चित्रं हवी होती.

मी मोटरसायकलवर मागे बसून, गठ्ठा मांडीवर धरून, नवऱ्याबरोबर तिथं गेले. मॅनेजर तरुण होता, नम्र होता. त्यानं सगळी चित्रं जमिनीवर पसरून पाहिली. बांबू कापणारे, बाजारातून परतणाऱ्या बायका, तळ्यातली म्हैस. मग तो सागाच्या वाटेच्या चित्रापाशी थांबला.

"ह्याच्या किती आहेत?"

"बारा."

"आमच्या खोल्याही बाराच आहेत." तो उकिडवा बसला. "चांगलं आहे मॅडम. अगदी आमच्या सफारीचा रस्ताच वाटतो. पण ह्यात वाघ नाही."

"नाही."

"लोक तीन-तीन दिवस राहतात इथं. सगळ्यांनाच वाघ दिसतो असं नाही. मग निदान खोलीत तरी दिसावा ना? वाघ असता तर बाराच्या बारा घेतली असती. आजच्या आज."

त्यानं जो आकडा सांगितला त्यात अकरा घरांचे पऱ्हे येत होते, ट्रॅक्टरचं भाडंही सुटत होतं.

बाहेर येऊन मी सरांना फोन लावला. एखादा वाघ केला आहे का तुम्ही, जुना, कुठं ठेवलेला? सर हसले. त्यांचं हसू खोकल्यात गेलं.

"नाही गं. इतकी वर्षं त्या जंगलांत हिंडलो, पण वाघ मला कधी दिसलाच नाही. न पाहिलेलं कोरू कसं?" मग म्हणाले, "का, वाघ मागतात का लोक?"

"हो सर."

"मागू दे," ते म्हणाले.

मी फोन ठेवला. नवरा गाडीला टेकून उभा होता. "काय म्हणाले?" त्यानं विचारलं. "नाही म्हणाले," मी सांगितलं. परत येताना मी त्याच्या पाठीमागे बसून दिवस मोजत होते. उद्या सोमवार, झेंडावंदन. परवा मंगळवार.

झेंडावंदन झालं, मुलांना खाऊ वाटला, आणि शाळा रिकामी झाली. मी शिपायाला सांगितलं की चित्रकलेच्या वर्गात मला थोडं काम आहे. कपाटात लिनोचा तुकडा होता. रबरासारखा मऊ, मुलांना कोरायला शिकवण्यासाठी आणलेला. वाघ मी शिक्षकखोलीतल्या कॅलेंडरवरून घेतला, औषधाच्या दुकानाच्या. मी स्वतः वाघ एकदाच पाहिला होता, मूलच्या रस्त्यावर बसमधून, आणि तोही अर्धाच. मागचा भाग आणि शेपूट झुडपात जाताना.

कोरायला दोन तास लागले. माझा हात अजिबात थरथरला नाही. याचं मला नंतर वाईट वाटलं. वर्तमानपत्रावर दोन छाप घेऊन पाहिले. मग सरांचं पहिलं चित्र टेबलावर ठेवलं, वाट किती रुंद आहे ते मोजून पुठ्ठ्याला खिडकी कापली, म्हणजे वाघ दरवेळी त्याच जागी बसेल.

मला एक प्रत तशीच ठेवायची होती. फक्त एक. पण खोल्या बारा होत्या, आणि अकरा चालतील का हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. तो नाही म्हणाला असता तर?

मी लिनोला शाई लावली, पांढऱ्या वाटेवर तो पालथा ठेवला आणि वरून दाबला. उचलला. वाघ आला होता. चांगला आला होता, तेच भयंकर होतं. चित्राला आता मधोमध एक जागा मिळाली होती, नजर सरळ तिथं जात होती, आणि झाडं मागं सरून नुसती झाडं झाली होती. ते पांढरं, ज्यासाठी एका माणसाचा उन्हाळा गेला, ते आता वाघाच्या पायाखालची जमीन होतं.

मी खुर्चीवर बसले. भावाचा फोन आला. मी उचलला नाही. तो थांबला, पुन्हा वाजू लागला. फोन वाजत असतानाच मी दुसरी प्रत ओढली.

बारा झाल्यावर पंखा लावून त्या मुलांच्या बाकांवर वाळत ठेवल्या. पावसाळी हवेत शाई लवकर वाळत नाही. मी खिडक्या बंद करून दोन मोठे दिवे लावले आणि तिथंच बसून राहिले. बारा बाकांवर बारा वाघ. प्रत्येकाखाली सरांची सही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांच्या दुकानात गेले. त्यांनी एक चित्र उजेडात धरलं, तिरपं केलं, चष्मा वर करून बघितलं.

"मॅडम, इस शेर की स्याही अलग है."

मी बाकीच्या प्रती टेबलावर ठेवल्या.

"पेडों की स्याही कागज ने पी ली है. ये अभी ऊपर बैठी है." त्यांनी चित्र हळूच खाली ठेवलं. "सर को मालूम है?"

"नाही चाचा."

ते बराच वेळ फ्रेमची पट्टी हातात फिरवत राहिले. मी गावाचं सगळं त्यांना सांगितलं होतं, पुन्हा सांगायची गरज नव्हती. तरी मी सांगायला लागले, की उद्या बुधवार आहे, की पऱ्हे...

"मेरे को मत समझाओ, बेटा," ते म्हणाले. "काच लावून देतो. थोडी दूर ठेवतो, स्याही चिकटनार नाई. काच के पीछे फरक नहीं दिखेगा."

त्यांनी बाकीची कामं बाजूला सारून दुपारपर्यंत बारा फ्रेमा केल्या. पैसे काच-लाकडाचेच घेतले, मजुरी घेतली नाही. पण मी निघताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

मॅनेजर खूश झाला. "आता कसं भरल्यासारखं वाटतं," तो म्हणाला. "सरांनी आमच्यासाठी खास काढला का?"

"हो," मी म्हणाले.

पैसे त्यानं तिथंच दिले.

मी परस्पर नागभीडची वाट धरली. भाऊ आणि टोलीवरचे दोघं ट्रॅक्टर घेऊन बुधवारी पहाटेच येणार होते. मी नात्यातल्या एका घरी थांबले. सकाळी आम्ही शेतकऱ्याच्या बांधावर पोचलो तर अर्धी जागा मोकळी झालेली. काल संध्याकाळी दुसऱ्या गावच्या माणसांनी जास्त भाव देऊन पऱ्हे नेले म्हणे.

"तुमी बुधवार म्हनले होते ना?" भावाचा आवाज चढला. त्याला इतका ओरडताना मी कधी पाहिलं नव्हतं. "आज बुधवार नाई का? नाई का आज बुधवार?"

"माह्याई घरी खानारे हायत भाऊ," शेतकरी म्हणाला. तोही दमलेला होता. "आता जे उभं हाय ते न्या. ते बी आज नाई नेलं तर जनावरांपुढंच टाका लागन."

भाव वाढला होता. माझे सगळे पैसे गेले आणि हाती आले ते सहा-सात घरांना पुरतील एवढे पऱ्हे. भावानं एक रोप उपटून बुंधा नखानं चिरला. आत गाठ धरायला लागली होती. त्यानं मला ती दाखवली नाही. मी पाहिली.

ट्रॅक्टरमध्ये जुड्या रचताना एकानं विचारलं, "कोनाकोनाले द्याचे मंग?"

"साऱ्याइले," भाऊ म्हणाला. "पातळ लावू."

मी शाळेत चार दिवसांची रजा टाकली आणि रोवणीला उतरले. लग्नानंतर पहिल्यांदाच. कंबर पहिल्या तासातच गेली. टोलीवरच्या सगळ्या बायका ओळीनं होत्या, कोणाची बांधी कोणाची ते न बघता. एरवी रोवणीला गाणी असतात. या वेळी कोणी गाणं धरलं नाही. माझ्या नखांत काळी शाई अडकलेली होती, चिखलानं ती निघाली नाही. वहिनीनं दुपारी भाकर देताना पाहिलं.

"काय लागलं हाताले?"

मी तिला तिथंच, धुऱ्यावर बसून, सगळं सांगितलं. फळी, वाळवी, पांढरी वाट, सही. तिला छापचित्र म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण तिनं मधे एकदाही थांबवलं नाही.

"मास्तरले राग येईन का?" तिनं शेवटी विचारलं.

"येईल."

"तू त्याइले विचारलं काऊन नाई?"

"ते नाही म्हणाले असते."

"मंग?" ती म्हणाली, आणि उरलेली भाकर फडक्यात बांधू लागली. त्या 'मंग'चा अर्थ काय घ्यायचा ते मला कळलं नाही. अजूनही कळत नाही.

पिवळट पडलेलं रोप दहा-बारा दिवसांनी हिरवं धरू लागलं. फुटवा कमी आला. लोंब्या आल्या, पण निम्म्या पोचट. कापणीला मी गेले होते. भाऊ एकेक लोंबी बोटांत दाबून पाहत होता, दाणा लागला की पुढच्या लोंबीकडे जात होता. विकण्यासारखं काही निघालं नाही. अकरा घरांना होळीपर्यंत पुरेल एवढं खायला झालं, आणि पुढच्या पेरणीचं बी राहिलं. त्या भागात ज्यांना पऱ्हे मिळालेच नाहीत त्यांच्या बांध्यांत त्या वर्षी नुसतं गवत होतं. त्यांच्यातली काही घरं वीटभट्ट्यांवर गेली.

दिवाळीनंतर मी नागपूरला गेले. न विकलेली चित्रं काकूंच्याच साडीत बांधून नेली होती. सर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. वाळले होते. आता मांडीवर ठेवले तरी हात कापत होते.

"पऱ्हे लागले का?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"लागले सर. खायला पिकलं."

"मग झालं." त्यांचा चेहरा उजळला. "कोणती गेली?"

मी सांगितलं. बसमध्ये ठरवून आले होते तसं नाही, सगळं उलटसुलट सांगितलं. आधी वाघ, मग मॅनेजर, मग बुधवार. सर ऐकत होते. मी रडले नाही, कारण रडले असते तर त्यांना मलाच समजवावं लागलं असतं.

"फोटो आहे?" त्यांनी विचारलं.

माझ्या मोबाईलमध्ये होता. मी तो त्यांच्या डोळ्यांसमोर धरला, कारण त्यांच्या हातात फोन स्थिर राहिला नसता. ते खूप वेळ पाहत राहिले. विद्यार्थ्यांच्या कामाकडे पाहायचे तसंच, मान थोडी डावीकडे.

"पुढचा पाय चुकला," ते म्हणाले. "त्याच्यावर वजनच नाही."

"हो सर."

"एकही ठेवली नाहीस?"

"नाही."

त्यांनी खिडकीकडे मान वळवली. खाली रस्त्यावर भाजीवाली ओरडत होती. ती गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत ते तिकडेच पाहत राहिले.

"सही तेवढी खोडायची होतीस," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी डोळे मिटले.

काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. फाटकाची कडी काढता काढता थांबल्या.

"तू सांगायला नको होतंस," त्या म्हणाल्या. रागानं नाही. "त्यांना कधी कळलं नसतं. रोज मला म्हणायचे, वाट गेली असेल बघ सगळ्यात आधी, चांगल्या घरी गेली असेल. तेवढ्यावर त्यांचा दिवस जायचा."

बसस्टँडवर चंद्रपूरच्या दोन गाड्या समोरून निघून गेल्या, मी बाकावर बसूनच होते. मी सरांना खरं सांगितलं ते त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, हा प्रश्न तिथं पहिल्यांदा पडला. त्याचं उत्तर मला ठाऊक आहे. ते चांगलं नाही.

सरांनी त्यानंतर मला फोन केला नाही. मी करते. काकू उचलतात, तब्येत सांगतात, आणि सर झोपलेत म्हणतात. दुपारी चारला केला तरी झोपलेले असतात, सकाळी दहाला केला तरी. मी पुन्हा एकदा जाऊन आले. सरांनी शाळेबद्दल विचारलं, पावसाबद्दल विचारलं, चहा घेऊन जा म्हणाले. चित्रांचा विषय काढला नाही. मी काढायला गेले तर म्हणाले, "राहू दे आता."

रिसॉर्टलाही गेले होते. सह्या खोडू द्याल का, असं विचारायला. मॅनेजर बदलला होता. नवीन माणसानं मला एक खोली उघडून दाखवली. पलंगाच्या वर, काचेमागं, वाघ होता. "सही आहे म्हणून तर किंमत आहे मॅडम," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं.

माहेरी गेले की वहिनी मला एक गोष्ट विचारल्याशिवाय राहत नाही. त्या वर्षीचे तांदूळ भरडून आणले तेव्हा तिनं मला पहिल्यांदा सांगितलं होतं, "त्या मास्तरले सांग, आमी जेवलो म्हना. अकरा घरं जेवले."

मी दोनदा सरांसमोर बसले आणि दोन्ही वेळा ते वाक्य तोंडातून निघालं नाही. निघालं असतं तर ते मी माझी बाजू मांडल्यासारखं झालं असतं. परवा पोळ्याला गेले तर वहिनी अंगणात सारवत होती. मान वर न करता तिनं विचारलं,

"सांगतलं का त्याइले?"

"नाही वहिनी."

तिनं शेणाचा हात बादलीत बुडवला, उरलेला कोपरा सारवून घेतला आणि उठली.

"तुह्याच्यानं नाई होत त राहू दे," ती म्हणाली. "मी येतो संगं. मले पत्ता दाखव, मी सांगतो."